दोन श्रावणांचं वर्ष

माझ्या शालनचे बाबा कोजागिरीच्या आदल्या दिवशी वारले आणि पुढच्या वर्षी श्रावण दोनदा आला. त्या वर्षी, दिवाळी तोंडावर असताना, मी अमेरिकेच्या विमानतळावर एका आतल्या खोलीत बसले होते. समोरचा तरुण साहेब माझा अंगठा धरून काचेवर दाबत होता.

काचेखाली उजेड फिरायचा, यंत्र टूं करायचं, साहेब मान हलवायचा आणि पुन्हा दाबायचा. अंगठा झाला, त्याच्या शेजारचं बोट झालं, मधलं झालं. शेवटी त्याने माझा हात उलटा केला, बोटांची टोकं डोळ्यांजवळ नेली आणि टेबलावरच्या फोनकडं तोंड करून काहीतरी बोलला.

फोनमधून बाईचा आवाज आला. "आजी, ते विचारतात, तुमच्या बोटांना काय झालं? ठसे येत नाहीत म्हणतात."

"विटा पाडल्या," मी म्हणाले.

"विटा?"

"आम्ही कुंभार. लग्न होऊन आले तशी भट्टीवर गेले. राख, वाळू, चिखल. रेघा झिजून गेल्या. त्याला सांग, मी चोरी केली तर कुणाला सापडायची नाही."

फोनमधली बाई हसू गिळत असावी. मग इंग्रजीत बोलली. साहेब हसला नाही. त्याने यंत्र बाजूला सारलं.

ती बाई दुभाषी होती. सुरुवातीलाच तिने मला सांगितलं होतं, "मी कोण, कुठून बोलते, ते सांगायची परवानगी नाही. तुम्ही बोलाल ते त्यांना सांगीन, ते बोलतील ते तुम्हाला. मधे माझ्या पदरचं काही नाही." पण दोन वाक्यांतच मला कळलं, ही नागपूरकडची. 'जी' लावल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

साहेबाच्या छातीवर नावाची पट्टी होती. मी एकेक अक्षर लावलं. आर, ई, वाय, ई, एस. रेयेस. इंग्रजी मला पाट्या वाचण्यापुरतंच यायचं. वाचायला मी साठी ओलांडल्यावर शिकले, आणि तेही अमेरिकेत येऊन. माझी एकुलती एक लेक शालन तिथं दवाखान्यात नर्स. तिची रात्रपाळी असायची आणि मी स्वयंपाक करायची. तिथलं मीठ आणि तिथली साखर दिसायला सारखीच. एकदा आमटी गोड झाली, एकदा शिरा खारट. मग शालनने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, सोडा, रवा. माझी मुळाक्षरं ती. लोक 'क'पासून शिकतात, मी मिठापासून शिकले. डबे संपले तेव्हा तिने दार, खिडकी, भिंत यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या, आणि भिंतीही संपल्या तेव्हा मी तिथल्या वाचनालयात इंग्रजीच्या वर्गाला जायला लागले.

रेयेससाहेबाच्या पुढ्यात माझं कार्ड पडलं होतं. लोक त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. ते असलं की त्या देशात कायमचं राहता येतं, बाहेर जाऊन परत येता येतं. पण वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलं की नुसतं कार्ड दाखवून दार उघडत नाही. ही बाई इथलं घर सोडून गेली होती की काय, हे मग ते लोक विचारत बसतात.

त्या खोलीला दोन दारं होती. एका दारापलीकडं शालन उभी होती. माझ्याआधी तिथं एक म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा, कुठल्या देशाचा कोण जाणे. त्याने मान खाली घालून एका कागदावर सही केली, आणि त्याला दुसऱ्या दाराने नेलं. ते दार परतीच्या विमानाचं. जाताना त्याने पहिल्या दाराकडं एकदा पाहिलं. तेव्हाच मी मनात धरलं, आपण त्या दाराने जायचं नाही.

"ते विचारतात, किती दिवस बाहेर होता?"

"वर्ष."

साहेबाने बोटाने माझ्या पासपोर्टावरचे शिक्के दाखवले.

"ते म्हणतात, वर्षाहून जास्त होते. तेरा महिने झालेत."

"बरोबर आहे. त्या वर्षाला महिनेच तेरा होते."

"आजी," ती हळू म्हणाली, "हे असंच सांगू?"

"असंच सांग."

तिने सांगितलं. रेयेससाहेबाने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"नवरा आजारी म्हणून गेले," मी म्हणाले. "त्यांनी इकडं यायचं कधी मनावर घेतलं नाही. म्हणायचे, मी विमानात बसलो तर गाढवं कोण सांभाळणार. मी पोचले आणि दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, ते गेले. आमच्यात नवरा गेल्यावर बायको वर्षश्राद्ध झाल्याशिवाय गाव सोडत नाही. लेक फोनवर म्हणाली, आई, वर्षाच्या आत ये. मी म्हणाले, वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी निघते. तिला वाटलं झालं, मला वाटलं झालं. पण वर्षश्राद्ध तारखेवर होत नाही, तिथीवर होतं. आणि त्या साली अधिक श्रावण आला. दोन श्रावण. तिथी महिनाभर पुढं गेली."

"आजी, जरा थांबा जी. एवढं मला एका दमात नाही जमणार."

ती बराच वेळ बोलत होती. मधेच साहेबाने काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, वर्षात अख्खा महिना कसा वाढतो?"

"तुमच्याकडं यंदा फेब्रुवारीत एक दिवस वाढला ना? तसाच. तुम्ही दिवस वाढवता, आम्ही महिना वाढवतो."

"कोण वाढवतं, म्हणतात."

"चंद्र."

साहेबाने पेन उचललं होतं, ते तसंच धरून ठेवलं. चंद्र त्याने लिहून घेतला नाही.

मग त्याने माझी पिशवी उघडली. वरती चटणी होती, ती बाजूला काढली. खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या पणत्या होत्या. त्याने एक पणती काढून दिव्याकडं धरली. ती एका अंगाला कलली होती.

"ही माती आहे का, विचारतात. माती आणायला बंदी आहे."

"भाजलेली आहे. तिच्यात आता कीड राहत नाही आणि काही उगवतही नाही. दिवाळीचे दिवे आहेत."

"कुठून विकत घेतले?"

"मी घडवल्या. त्यांच्या चाकावर." मग मला वाटलं, सांगायचंच तर सगळं सांगावं. "आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नसतो. बाईने माती तुडवायची, विटा पाडायच्या, मडकी वाळवायची, पण चाकावर बसायचं पुरुषाने. ते गेले आणि चाक सोप्यात उभं करून ठेवलं होतं, कोळी जाळी करायला लागले होते. यंदा गौरी गेल्यावर मी ते आडवं केलं आणि बसले. पहिल्या पणत्या वाकड्या झाल्या. दीर आठ दिवस बोलले नाहीत."

दुभाषी बाईने यातलं किती सांगितलं, मला कळलं नाही. साहेबाने पणती परत लुगड्यात ठेवली, जपून ठेवली, हे मी पाहिलं.

"या कुणासाठी आणल्या?"

"माझ्या घरासाठी. दारात पायऱ्या आहेत, त्यांच्यावर लावायला."

"तुमचं घर कुठं आहे?"

"इथं."

त्यावर तो खुर्चीत मागं टेकला आणि सावकाश बोलायला लागला. आवाज चांगला होता, रागाचा नव्हता. दवाखान्यात डॉक्टर वाईट बातमी सांगताना बोलतात, तसा.

"ते म्हणतात," फोन बोलला, "तुमचा नवरा तिथं होता. सासरचं घर तिथं आहे. दीर, जाऊ, गाव, सगळे तिथं आहेत. तुम्ही तेरा महिने तिथं राहिलात. म्हणजे तुम्ही तिथल्याच. इथं तुमची लेक आहे, तिला भेटायला यायचं तर पाहुणीचा व्हिसा काढा, मजेत या, मजेत जा. एवढ्या एका कागदावर सही करा, म्हणजे कुणालाच त्रास नाही."

पाहुणी. हा शब्द मला गावात तेरा महिने ऐकायला मिळाला होता, पण उलट्या बाजूने. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "मंजुळाबाई, लेकीच्या दारात म्हातारपण काढणार व्हय? लेकीचं घर म्हंजी पाहुणीचं घर." मी हसायची. त्यांना काय माहीत, शालनने घर घेतलं तेव्हा रस्त्यावरच्या पत्रपेटीवर तिचं एकटीचं नाव होतं. वाचनालयातल्या वर्गात मी आपलं नाव लिहायला शिकले त्या संध्याकाळी तिने रंगाची डबी आणि ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, तूच लिही." मी तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. मंजुळा कुंभार, इंग्रजीत. शेवटची अक्षरं जागा संपली म्हणून बारीक झाली. सासरच्या दारावर माझं नाव कधी नव्हतं, माहेरच्याही नव्हतं. त्या पेटीवर होतं.

रेयेससाहेबाने कागद माझ्याकडं सरकवला आणि पेन त्याच्यावर ठेवलं, टोक माझ्या दिशेने.

"यात काय लिहिलंय?" मी फोनला विचारलं.

तिने साहेबाला विचारलं. "ते म्हणतात, थोडक्यात सांगतो, की..."

"थोडक्यात नको. सगळं. त्याने वाचावं आणि तू मराठीत सांग."

साहेबाने घड्याळ पाहिलं. तरी त्याने कागद उचलला आणि वाचायला लागला. एकेक वाक्य इंग्रजीतून निघायचं आणि मराठी होऊन फोनमधून यायचं. माझं नाव आलं, पत्ता आला, कार्डाचा नंबर आला.

"'मी, खाली सही करणार,'" ती म्हणाली, "'माझा कायम राहण्याचा हक्क स्वखुशीने सोडून देत आहे...'"

"थांब."

दोघंही थांबले.

"ते पुन्हा सांग."

"'माझा हक्क स्वखुशीने सोडून देत आहे.'"

मी पदर सारखा केला. हा कागद मी आधी पाहिला होता. दुसऱ्या देशात, दुसऱ्या अक्षरांत, आठवडाही झाला नव्हता.

वर्षश्राद्धाची जेवणं उरकली होती. पत्रावळी उचलून झाल्या होत्या. थोरले दीर, दगडूभावजी, सोप्यात घोंगडीवर बसले होते, त्यांच्यापुढं दहिवडीहून करून आणलेला कागद होता आणि कागदाच्या शेजारी शाईची डबी. डबीचं झाकण आधीच उघडून ठेवलेलं.

"मंजुळा," ते म्हणाले, "ह्यो कागूद हाय. मागल्या दोन खोल्या आन् भट्टीची जागा. तू आता अमेरिकेची झालीस. तुला इथलं काय करायचं? येशील कधी तर पाहुणी म्हणून ये, चार दिस ऱ्हा, तुला कोण न्हाई म्हनतंय. अंगठा दे, म्हंजी पुढं पोरांना कटकट नको."

मी सुनेच्या जागेवर, माजघराच्या दाराआड उभी होते. थोरल्या दिरासमोर मी लग्न झाल्यापासून कधी बसले नव्हते, बोलताना चेहरा कधी दाखवला नव्हता. पण माजघरात उजेड कमी. मी बाहेर आले, घोंगडीच्या कडेला त्यांच्यासमोर बसले आणि कागद उचलला.

"काय करतीस?"

"वाचते, भावजी."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी मोठ्याने वाचायला लागले. अडखळत होते, जोडाक्षराला थांबत होते, पण वाचत होते. 'मी, मंजुळा तुकाराम कुंभार, हे हक्कसोडपत्र राजीखुशीने लिहून देते की...'

"राजीखुशी कुणाची?" मी विचारलं.

भावजींनी शाईच्या डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत राग यायच्या आधी जे काही आलं ते मला पुरलं.

"आसंच लिव्हत्यात. समद्यांचंच."

"माझी खुशी नाही," मी म्हणाले आणि कागद घडी करून त्यांच्यापुढं ठेवला.

ते उठले, भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "कोर्टात जावं लागंल मग." आणि बाहेर निघून गेले. मी निघेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. गावाकडं मी अमेरिकेची, म्हणून खोल्या सोडायच्या. अमेरिकेत मी गावाकडची, म्हणून कार्ड सोडायचं. दोन्हीकडून सही मात्र माझीच पाहिजे.

"आजी?" फोन म्हणाला. "आहात ना जी?"

"आहे. साहेबाला विचार, स्वखुशी कुणाची?"

तिने विचारलं. रेयेससाहेब म्हणाला, तो नुसता नमुना आहे, सगळ्यांना तोच असतो.

"हे मी आधी ऐकलंय," मी म्हणाले. "आता एक विचार. नीट विचार, माझ्याच शब्दांत. माझा हक्क संपला असेल तर माझी सही कशाला पाहिजे?"

मग ती इंग्रजीत बोलली, आणि मला वाटलं, या वेळी ती नेहमीपेक्षा सावकाश बोलली, एकेक शब्द सुटा करून.

रेयेससाहेबाने डोळे चोळले.

"ते म्हणतात, सही केली तर काम सोपं होतं."

"कुणाचं?"

तिने विचारलं. त्याने कागद माझ्या आणखी जवळ सरकवला.

"आणि नाही केली तर?"

"आजी, ते म्हणतात, नाही केली तर फार लांबेल. तुम्हाला इथं बसून राहावं लागेल. चौकशी होईल. तुमचं वय बघता..."

"वय माझं आहे, ते मी बघते. नाही केली तर शेवटी काय होतं, ते विचार. शेवटी."

आता त्याला सांगावंच लागलं. तो टेबलाकडं बघत बोलला.

"शेवटी न्यायाधीशासमोर जावं लागेल," फोन म्हणाला. "तुम्हाला तसा हक्क आहे. तुमचा हक्क गेला की नाही, ते न्यायाधीश ठरवतील. हे साहेब ठरवू शकत नाहीत."

"मग न्यायाधीशाकडं पाठव म्हणावं."

"आजी, विचार करा, म्हणतात."

"केला. तेरा महिने केला."

मी पेन उचललं. रेयेससाहेबाला वाटलं असणार मी सही करते, त्याचे खांदे सैल झाले. मी पेनाचं टोक त्याच्याकडं फिरवलं आणि ते कागदावर परत ठेवून दिलं. मग पिशवीतून दशम्या काढल्या आणि त्यालाही एक दिली. त्याने घेतली नाही, नियम असणार. मी खाल्ली.

तो उठून गेला. मग एक मोठी साहेबीण आली, पांढरे केस, कमरेला चाव्यांचा झुबका. तिने तोच कागद पुन्हा माझ्यापुढं ठेवला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, जरा जोरात, जशी मी बहिरी आहे. फोनमध्ये तीच नागपूरची बाई होती.

"आजी, या बाई म्हणतात, हट्ट करू नका. तुमच्या लेकीला बाहेर किती वेळ ताटकळत ठेवणार?"

"तिला सवय आहे. ती रात्रपाळी करते."

साहेबीण काहीतरी बोलली.

"म्हणतात, न्यायाधीश नाही म्हणाले तर?"

"तर ते म्हणतील. त्यांचं ते काम. मी कशाला आधीच म्हणू?"

साहेबीण गेली. मी बसून राहिले. पाय सुजले होते. खोलीतली माणसं बदलत गेली, बाहेरचा उजेड गेला. एक झाडूवाली आली, माझ्या पायांखालून झाडू फिरवून गेली. मला भीती वाटली नाही असं नाही. वाटली. ते मला उचलून दुसऱ्या दाराने नेतील, शालनला कळणारही नाही, असं दोनदा वाटून गेलं. पण भट्टी पेटली की बाई भट्टीजवळून उठत नाही, वारा फिरला तरी. आत काय होतंय ते दिसत नाही, तरी बसायचं. ती सवय कामी आली.

शेवटी रेयेससाहेब परत आला. त्याच्या हातात दुसरे कागद होते. त्याने फोन लावला.

"आजी, हा कागद न्यायाधीशासमोर हजर राहायचा आहे. यात तुम्ही काही सोडून देत नाही. मी सगळा वाचून दाखवू का जी?"

"दाखव."

तिने सगळा वाचला. त्यात खुशी कुठंच नव्हती. सही कुठं करायची ते साहेबाने दाखवलं आणि मी केली, मराठीत, सगळ्या मात्रा देऊन. त्याने ती बघितली. मग तो फोनकडं न वळता थेट मलाच काहीतरी बोलला, पहिल्या दाराकडं हात करून. ते इंग्रजी मला कळलं. 'गो होम' म्हणाला.

"आजी," फोन म्हणाला, "माझं काम संपलं. मला आपल्या मनाचं काही बोलायची परवानगी नाही." तरी ती बोललीच. "दिवाळीच्या शुभेच्छा जी."

शालन दाराबाहेर कठड्याला टेकून उभी होती, कामावरचेच कपडे अंगावर. मला बघून ती धावली नाही. आधी तिने विचारलं, "सही केलीस?"

"सोडायच्या कागदावर नाही."

मग ती रडली.

पुढच्या उन्हाळ्यात न्यायाधीशासमोर गेलो. शालनने तिथल्या एका मराठी मंडळाकडून पंचांगाचं पान इंग्रजी करून आणलं होतं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी मला विचारलं, "जाताना परत यायचं मनात होतं का?" मी म्हणाले, "घराची किल्ली तेरा महिने माझ्या चंचीत होती. किल्ली कुणी उगीच जवळ ठेवत नाही." सरकारच्या बाजूचा वकील म्हणाला, बाईंनी सही करायला नकार दिला. न्यायाधीश म्हणाले, तो त्यांचा हक्क होता. कार्ड परत मिळालं. निकाल लागला त्या रात्री मी उरलेल्या पणत्यांतल्या दोन पायऱ्यांवर लावल्या, दिवाळी नसताना.

लोक मला विचारतात, एवढं तुला सुचलं कसं. शालनही सगळ्यांना सांगते, आईला वाचता येत होतं म्हणून वाचली. ते खरं नाही. तो कागद इंग्रजी होता, मला त्यातलं माझं नाव तेवढं लागलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी, बायका वडे तळत होत्या तेव्हा, माझी थोरली जाऊ गोदाक्का परातीत पीठ मळत बसली होती. दगडूभावजींची बायको. जन्मात तिने नवऱ्याचा शब्द ओलांडला नव्हता. मी चाकाला बसले म्हणून ती मला चारचौघांत टोचून बोलायची. त्या सकाळी बाकीच्या पाण्याला गेल्या आणि ती मान वर न करता बोलायला लागली.

"आज जेवणं झाली की तुज्यापुढं कागूद येनार हाय. अंगठा देऊ नगं."

मी झारा खाली ठेवला.

"म्या दिलाय," ती म्हणाली. "माझ्या भावानं साडीचोळी नेसवली, पेढा भरवला, आन् शाई लावली. दुसऱ्या दिवाळीला त्येनं वळख दिली न्हाई. आता माहेराच्या वाटंनं यष्टी गेली तर म्या तोंड फिरवून बसते. तुला कोर्टाचं भ्या घालतील. घालू दे. येवढंच ध्येनात ठेव, तुजं काय नसतं तर त्येंनी तुजा अंगठा मागितलाच नसता."

"अक्का, भावजींना कळलं तर?"

"तू सांगनार हायस व्हय? न्हाई ना? मग वडे उलट, करपत्यात."

मी निघाले त्या दिवशी भावजी मळ्यात निघून गेले होते. गोदाक्काने माझ्या हातावर दही घातलं. दह्याखाली काहीतरी टोचलं. मागल्या खोल्यांची किल्ली होती. मी ती पुसून चंचीत टाकली, अमेरिकेच्या किल्लीशेजारी. विमानतळावर यंत्राने दोन्ही दाखवल्या होत्या. न्यायाधीशांना मी एकीबद्दल सांगितलं, दुसरीबद्दल कुणी विचारलं नाही.

निकाल लागल्यावर मी तिला फोन केला. शेजारच्या दुकानात होता तो फोन, चार माणसं ऐकत असणार. मी म्हणाले, "अक्का, न्यायाधीशानं कार्ड परत दिलं." ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरं झालं बया, तिकडंच ऱ्हा, इथं कुनाला तुजी गरज हाय!" मग आवाज उतरवून म्हणाली, "खोल्या झाडून ठिवल्यात. किल्ली हाय न्हवं?"

किल्ली होती. अजून आहे. त्यानंतर मी तीनदा गावाकडं गेले, दर वेळी शालनने आधी परवानगीचा कागद काढून दिला आणि मी पंचांग न बघता तारीख बघून परत आले. दर वेळी त्या दोन खोल्यांत राहिले आणि चाकावर बसले. दगडूभावजी सोप्यात बसून बघायचे. बोलायचे नाहीत. एकदा माझ्या पणत्या उन्हातून सावलीत सरकवून ठेवलेल्या दिसल्या. त्यांनी सरकवल्या की गोदाक्काने, मी विचारलं नाही.

माझी जाऊ गोदाबाई दगडू कुंभार दोन हजार दहा साली धुळवडीच्या दिवशी सकाळी वारली. ती असेतो हे मी कुणाला सांगितलं नाही.